पावतीवरचं वर्ष एकाने पुढे: जावातल्या मोठ्या वायचं प्रकरण

सोमवार, ३० डिसेंबर २०२४. एका पतसंस्थेच्या शाखेत सहा महिन्यांच्या मुदत ठेवीची पावती छापून झाली आणि ठेवीदाराने ती लगेच काउंटरवर परत सरकवली. ठेवीची तारीख ३०/१२/२०२५, मुदत संपण्याची तारीख ३०/०६/२०२५. ठेव सुरू होण्याआधीच मुदत सरलेली. दुपारपर्यंत मुख्य कार्यालयातूनही तक्रार आली: शाखांकडून आलेल्या सीएसव्ही फाइलमधल्या ठेवी ‘पुढची तारीख’ म्हणून हिशेबाच्या प्रणालीने नाकारल्या होत्या.

संस्था इथे नमुन्यादाखल धरली आहे. वार, तारखा आणि जावा या प्रोग्रामिंग भाषेचं वागणं मात्र खरं आहे, कोणालाही आपल्या मशीनवर करून बघता येईल असं.

प्रणाली साधीच: जावा १७, स्प्रिंग बूट, मागे ओरॅकल डेटाबेस. पावती पीडीएफमध्ये निघते आणि तिच्यावरचे आकडे देवनागरी असतात. पावतीचा भाग जून २०२२ मध्ये लिहिला गेला आणि तेव्हापासून त्याला कोणी हात लावलेला नव्हता. ‘काही बदललंच नाही, मग आज कसं बिघडलं?’ हा पहिला प्रश्न त्यामुळेच पडला.

आधी काय वगळलं

तारखेचा घोळ म्हटलं की पहिला संशय टाइम झोनवर जातो. सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर होता, त्यामुळे संशयाला जागा होती. पण यूटीसी आणि भारतीय वेळेत फरक साडेपाच तासांचा. झोन चुकला तर मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत तारीख एक दिवस मागची दिसेल. भर दुपारी दिवस आणि महिना अचूक ठेवून फक्त वर्ष पुढे ढकलणं झोनच्या चुकीला जमणारं नाही.

दुसरा संशय आर्थिक वर्षावर. पावती क्रमांकात ‘२०२४-२५’ असा तुकडा होता, आणि ‘महिना एप्रिल किंवा पुढचा असेल तर वर्षात एक मिळवा’ या जातीचा कोड प्रत्येक हिशेबी प्रणालीत कुठेतरी असतोच. पण क्रमांक बरोबर छापला जात होता, आणि हा कोड चुकला तर एप्रिलमध्ये चुकतो. डिसेंबरच्या तिसाव्या दिवशी त्याला बिघडायचं कारण नाही.

मग डेटाबेसमधली ओळ पाहिली. रकान्याचा प्रकार तारखेचा होता, मजकुराचा नव्हता, आणि किंमत ३० डिसेंबर २०२४ अशी बिनचूक होती. व्याजाचा हिशेब याच रकान्यावरून होत असल्यामुळे तोही बरोबर. म्हणजे चूक तारखेचा मजकूर बनतो त्या एका पायरीवर. शोध कोडच्या एका ओळीपर्यंत आला.

ती ओळ

तारखेचा मजकूर बनवणाऱ्या जावाच्या डेट-टाइम-फॉरमॅटरला दिलेला साचा असा होता: लहान डी दोनदा, तिरपी रेघ, मोठा एम दोनदा, तिरपी रेघ, मोठा वाय चारदा. लोकेल, म्हणजे भाषा आणि देशाची सेटिंग, दिलेलं नव्हतं, म्हणजे मशीनचं जे असेल ते.

जावाच्या साच्यात लहान आणि मोठं अक्षर या दोन वेगळ्या आज्ञा आहेत. लहान एम म्हणजे मिनिट, मोठा एम म्हणजे महिना. लहान डी म्हणजे महिन्यातला दिवस, मोठा डी म्हणजे वर्षातला कितवा दिवस. लहान वाय म्हणजे आपण रोज लिहितो ते वर्ष. मोठा वाय म्हणजे ती तारीख ज्या आठवड्यात पडते तो आठवडा ज्या वर्षात मोजला जातो ते वर्ष. त्याला इथे आठवडा-वर्ष म्हणू. आठवडा क्रमांकावर चालणाऱ्या कामांसाठी, म्हणजे कारखान्याचं उत्पादन वेळापत्रक किंवा साप्ताहिक पगार यांसाठी, ते उपयोगी आहे. ‘२०२५ चा पहिला आठवडा’ सलग सात दिवसांचा हवा असेल, तर डिसेंबरचे काही दिवस २०२५ मध्ये टाकावेच लागतात.

आठवडा कुठे सुरू होतो आणि पहिला आठवडा कोणता, हे देशागणिक बदलतं. आयएसओ ८६०१ या तारखांच्या आंतरराष्ट्रीय मानकात आठवडा सोमवारी सुरू होतो, आणि नव्या वर्षाचे निदान चार दिवस ज्यात येतात तो पहिला आठवडा. ब्रिटन आणि जर्मनीच्या लोकेलमध्ये जावा हाच नियम लावतं. भारताच्या लोकेलमध्ये आठवडा रविवारी सुरू होतो आणि नव्या वर्षाचा एक दिवस असला तरी तो पहिला आठवडा धरला जातो. १ जानेवारी २०२५ बुधवारी होता. त्याच्या आधीचा रविवार २९ डिसेंबर. म्हणून २९, ३० आणि ३१ डिसेंबर २०२४ या तिन्ही तारखांचं आठवडा-वर्ष २०२५.

इथे एक वेगळाच गोंधळ झाला. चूक पुन्हा घडवून बघायला एका लॅपटॉपवर २९ डिसेंबर २०२४ ही तारीख दिली आणि छापून आलं २०२४. चूक नाहीच! त्या लॅपटॉपचं लोकेल ब्रिटिश इंग्रजी होतं. आयएसओ नियमाने २९ तारखेचा रविवार जुन्या वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात जातो आणि नवीन आठवडा-वर्ष ३० तारखेच्या सोमवारी लागतं. भारतीय लोकेलच्या सर्व्हरवर मात्र रविवारी रात्री आपोआप नूतनीकरण झालेल्या ठेवींची पत्रं २९/१२/२०२५ अशी निघालेली होती. तोच कोड, तीच तारीख, दोन मशीनवर दोन उत्तरं. निदान पक्कं झालं ते या फरकामुळे. झोन, डेटा किंवा पीडीएफ बनवणारी लायब्ररी, यांपैकी कशानेही असा नेमका रविवारपुरता फरक पडत नाही.

अडीच वर्षं लपलं कसं

भारतीय नियमाने डिसेंबरअखेरचे किती दिवस चुकणार, हे १ जानेवारीचा वार ठरवतो. १ जानेवारी २०२३ रविवारी होता, म्हणून डिसेंबर २०२२ मध्ये एकही दिवस चुकला नाही. कोड आपल्या पहिल्या वर्षअखेरीतून निर्दोष बाहेर पडला. १ जानेवारी २०२४ सोमवारी, म्हणून चुकीचा दिवस एकच, ३१ डिसेंबर २०२३, आणि तो रविवार. शाखा बंद. २०२४ लीप वर्ष असल्यामुळे पुढचा १ जानेवारी दोन वार सरकून बुधवारी आला, आणि चुकीचे दिवस एकदम तीन झाले, त्यांतले दोन कामाचे. पुढेही ते वाढतच जातात: डिसेंबर २०२५ मध्ये २८ ते ३१ असे चार, २०२६ मध्ये २७ ते ३१ असे पाच, २०२७ मध्ये २६ ते ३१ असे सहा. सहा ही कमाल.

चाचण्या होत्या, पण त्यांत घेतलेली तारीख होती १५ ऑगस्ट २०२२. ऑगस्टमधली कुठलीही तारीख, कुठल्याही वर्षातली घ्या; ही चूक पकडली जाणार नाही.

साचा तिथे आला कसा, हेही बघण्यासारखं आहे. संस्थेचे जुने अहवाल ओरॅकलच्या टू-चार या फंक्शनने तारीख छापत होते आणि तिथला साचा सगळा मोठ्या अक्षरांत होता. ओरॅकलला या साच्यात लहान-मोठं सारखंच. तो उचलून जावात टाकला. साचा घेणाऱ्या ऑफ-पॅटर्नने तो बिनतक्रार स्वीकारला, पण १० जूनची तारीख छापल्यावर मोठा डी उघडा पडला: तो वर्षातला १६१ वा दिवस, म्हणून दिवसाच्या जागी १६१ छापलं गेलं. मग डी लहान केला. एम मोठाच हवा होता, तो बरोबर होता. वाय छापताना २०२२ दिसलं, म्हणून तो तसाच राहिला. साचा दोन तृतीयांश जावाचा झाला आणि एक तृतीयांश ओरॅकलचा राहिला. हेच काम कोणी जानेवारीत केलं असतं तर डीनेही ओरडा केला नसता.

हा साचा इतरही वाटांनी येतो. मोमेंट आणि डे-जेएस या जावास्क्रिप्ट लायब्ररींत मोठा वाय हेच साधं वर्ष आहे आणि मोठा डी हाच महिन्यातला दिवस. जावासाठीच्याच जुन्या जोडा-टाइम लायब्ररीत मोठा वाय साधं वर्ष देतो, आठवडा-वर्षासाठी तिथे एक्स आहे. जोडा-टाइमवरून जावा ८ च्या नव्या तारीख-वर्गांवर स्थलांतर करताना साचे जसेच्या तसे नेले, तर काल बरोबर असलेली ओळ आज चुकीची होते, आणि कंपायलर काही बोलत नाही. जावा ६ पर्यंत सिम्पल-डेट-फॉरमॅट या तारीख छापणाऱ्या जुन्या वर्गाला मोठा वाय माहीतच नव्हता. दिला की तिथल्या तिथे अपवाद, म्हणजे काम थांबवणारी चूक. २०११ मध्ये जावा ७ ने त्या अक्षराला अर्थ दिला आणि ही सोय गेली. डेट-एफएनएस या जावास्क्रिप्ट लायब्ररीचं धोरण आम्हाला जास्त शहाणपणाचं वाटतं: दुसऱ्या आवृत्तीपासून चार मोठे वाय दिले की ती अपवाद फेकते, खरंच आठवडा-वर्ष हवं असेल तर वेगळा पर्याय स्पष्ट लिहावा लागतो.

मोठ्या वायने तारीख वाचायला गेलं तर मात्र जावा गप्प बसत नाही. डेट-टाइम-फॉरमॅटर महिना आणि दिवस हातात असूनही लोकल-डेट बनवू शकत नाही, कारण आठवडा-वर्षासोबत त्याला आठवडा आणि वार हवा असतो, अपवाद येतो. जुना सिम्पल-डेट-फॉरमॅट त्याहून वाईट वागतो. १५/०८/२०२४ दिलं तर महिना-दिवस सोडून देतो आणि भारतीय लोकेलवर त्या आठवडा-वर्षाचा पहिला दिवस, ३१ डिसेंबर २०२३, हातात ठेवतो. पण वाचण्याच्या या दोन्ही चुका पहिल्याच दिवशी दिसतात. या प्रणालीत पावतीची तारीख फक्त लिहिली जात होती, परत वाचली जात नव्हती. म्हणून ती सुटली.

मोठ्या कंपन्यांचीही यातून सुटका नाही. २९ डिसेंबर २०१४ या दिवशी, यूटीसीप्रमाणे तारीख बदलताच, ट्विटरच्या अँड्रॉइड ॲपमधून लोक आपोआप बाहेर फेकले गेले. सर्व्हरच्या उत्तरातल्या तारखेत वर्ष २०१५ होतं. तो सोमवार होता, आणि आयएसओ नियमाने २०१५ चं आठवडा-वर्ष त्याच दिवशी सुरू होत होतं.

डिसेंबरची चूक, जूनच्या पावत्या

दुरुस्ती एका अक्षराची. खरं काम होतं ते आधीच छापून गेलेल्या पावत्या शोधण्याचं. पहिला अंदाज होता, ‘२९ ते ३१ डिसेंबरला काढलेल्या पावत्या बदला, झालं.’ तो अपुरा होता, कारण पावतीवर दोन तारखा असतात आणि दोन्ही याच साच्यातून जातात.

३० डिसेंबर २०२४ ला ठेवलेली एक वर्षाची ठेव घ्या. मुदत संपते ३० डिसेंबर २०२५ ला, आणि त्या तारखेचं आठवडा-वर्ष २०२६. पावतीवर येतं: ३०/१२/२०२५ ते ३०/१२/२०२६. बरोबर एक वर्ष! काउंटरवरच्या माणसाच्या नजरेला यात खटकण्यासारखं काही नाही. वर्ष नीट वाचलं तरच कळेल. ३१ डिसेंबर २०२३ च्या रविवारी आपोआप नूतनीकरण झालेल्या एक वर्षाच्या ठेवी अशाच सुटल्या होत्या. तेरा महिन्यांच्या ठेवीची पावती ३०/१२/२०२५ ते ३०/०१/२०२६ अशी छापली गेली, जणू महिन्याभराची ठेव. सहा महिन्यांचीच पावती उघड हास्यास्पद दिसली, आणि पकडली गेली तीच.

पैशाच्या दृष्टीने सगळ्यांत वाईट प्रकार मात्र तिसराच. २८ डिसेंबर २०२४ हा शनिवार. तारीख बरोबर छापली जाते. पण एक वर्षाने येणारा २८ डिसेंबर २०२५ रविवारी आहे आणि त्याचं आठवडा-वर्ष २०२६. पावती म्हणते २८/१२/२०२४ ते २८/१२/२०२६, रक्कम मात्र एका वर्षाच्या व्याजाची. ठेवीदार ती दोन वर्षं कपाटात ठेवणार आणि संस्थेची प्रणाली मात्र एका वर्षाने मुदत संपली असं धरणार. तसंच २९ जून २०२४ ला ठेवलेल्या सहा महिन्यांच्या ठेवीच्या पावतीवर मुदत संपण्याची तारीख २९/१२/२०२५ छापलेली होती. ही पावती जूनपासून ठेवीदाराच्या घरी पडून होती. ‘१ जानेवारी उजाडला की आपोआप ठीक होईल’ हा विचार म्हणूनच धोक्याचा: आजची तारीख ठीक होते, भविष्यातल्या तारखा चुकतच राहतात.

पावत्या शोधायला पीडीएफमध्ये मजकूर धुंडाळण्याचा प्रयत्न झाला आणि इंग्रजी आकड्यांनी शोधल्यामुळे काहीच सापडलं नाही. फॉरमॅटरच्या डेसिमल-स्टाइलमध्ये शून्याचा अंक ‘०’ ठरवलेला होता, त्यामुळे पीडीएफमध्ये आकडे देवनागरीच होते. शेवटी शोध डेटाबेसवरूनच घेतला, आणि तोच योग्य मार्ग.

निकष सोपा आहे: तारखेच्या रविवार-ते-शनिवार आठवड्यातला शनिवार पुढच्या वर्षात पडत असेल, तर ती तारीख चुकीची छापली गेली. ओरॅकलमध्ये वाराचा क्रमांक देणारं ‘डी’ हे अक्षर वापरू नये. ते सेशनच्या प्रदेश-सेटिंगवर अवलंबून असतं, आणि ज्या दगडाला आत्ताच ठेचकाळलो तोच पुन्हा पायात येतो. तारीख मागे आणून ठेवणाऱ्या ट्रंक या फंक्शनमधलं ‘आयडब्ल्यू’ कुठल्याही सेटिंगमध्ये सोमवारच देतं. तारखेत एक दिवस मिळवा, त्यावर आयडब्ल्यूने ट्रंक करा आणि आलेल्या सोमवारात पाच दिवस मिळवा. तोच आपला शनिवार. त्याचं वर्ष मूळ तारखेच्या वर्षाशी जुळत नसेल ती ओळ उचलायची. हा निकष ठेवीच्या तारखेला आणि मुदतीच्या तारखेला स्वतंत्रपणे लावायचा, जून २०२२ पासूनच्या सगळ्या पावत्यांवर.

दुरुस्ती

३० तारखेला दुपारीच पावती छपाई बंद केली. ठेव स्वीकारणं चालू ठेवलं आणि हाताने तात्पुरती पोच दिली. साठवलेला डेटा बरोबर असल्यामुळे हे शक्य होतं.

साच्यात मोठ्या वायच्या जागी लहान यू चारदा घातला. लहान वायनेही छपाई सुधारली असती. यू निवडण्याचं कारण वाचनात आहे: लहान वाय म्हणजे युगातलं वर्ष, आणि रिझॉल्व्हर, म्हणजे वाचलेल्या आकड्यांवरून तारीख ठरवणारा भाग, ‘स्ट्रिक्ट’ ठेवला तर जावा इसवी सनापूर्वी की नंतर हेही विचारतं आणि तारीख बनवत नाही. यूला ती भानगड नाही. स्ट्रिक्ट हवाच, कारण एरवीचा ‘स्मार्ट’ रिझॉल्व्हर ३१/०२/२०२४ निमूटपणे २९/०२/२०२४ करून घेतो. पतसंस्थेत अशी तारीख नाकारलीच पाहिजे. लोकेलही साच्यासोबत स्पष्ट दिलं, आणि साचा एका ठिकाणी स्थिरांक म्हणून ठेवून बाकी सगळीकडून तोच वापरला.

तोच मोठा वाय बाकी कुठे आहे, हे फक्त जावाच्या फाइलींत शोधून भागत नाही. जॅक्सनच्या जेसन-फॉरमॅट अ‍ॅनोटेशनमध्ये, स्प्रिंगच्या डेट-टाइम-फॉरमॅट अ‍ॅनोटेशनमध्ये, प्रॉपर्टीज आणि यामल फाइलींत, जॅस्पर अहवालांच्या साच्यांत, लॉगबॅकच्या लॉग फाइलनावांत, सगळीकडे पाहावं लागतं. आणि सरसकट शोधा-बदला करू नये. मोमेंटमधला मोठा डी लहान केला की दिवसाच्या आकड्याऐवजी वाराचं लघुरूप येतं. ओरॅकलच्या साच्यात उलट सापळा आहे: तिथे मिनिटांसाठी एमआय लागतं, आणि तासानंतर एमएम लिहिलं तर मिनिटांच्या जागी महिना छापला जातो. जावातला लहान एच दोनदाही याच जातीचा: सोबत सकाळ-संध्याकाळचं चिन्ह नसेल तर दुपारचे १४:३० गुपचूप ०२:३० होतात.

चाचणीत आता एक तारीख नाही. १ जानेवारी २००० ते ३१ डिसेंबर २०९९ हे ३६,५२५ दिवस एका फेऱ्यात घेतले जातात. प्रत्येक दिवस छापून त्यातलं वर्ष तारखेच्या वर्षाशी ताडायचं, तेही भारतीय इंग्रजी, ब्रिटिश इंग्रजी आणि मराठी अशा तिन्ही लोकेलवर. ही चाचणी क्षणात संपते, त्यामुळे निवडक तारखा शोधत बसायचं कारण उरत नाही. ‘आज’ लागणाऱ्या कोडला जावाचं क्लॉक बाहेरून दिलं, म्हणजे ३१ डिसेंबर हवा तेव्हा उभा करता येतो. बिल्डमध्ये एरर-प्रोन या कोड तपासणाऱ्या साधनाची मिसयूज्ड-वीक-इयर ही तपासणी लावली. सोनारक्यूब या तशाच साधनात याच चुकीसाठी एस३९८६ हा नियम आहे. दोन्ही कोडमध्ये लिहिलेले साचे पकडतात. यामलमधून येणारा साचा त्यांना दिसत नाही. तिथे ३६,५२५ दिवसांची चाचणीच उपयोगी पडते.

बदली पावत्या देताना जुनी पावती परत घेऊन रद्द केली आणि नव्या पावतीवर मूळ क्रमांकच ठेवला, कारण क्रमांक चुकलेला नव्हता. ज्या ठेवींवर तारण कर्ज दिलं होतं, त्यांची पावती कर्जाच्या फाइलीत होती; ती वेगळी यादी करून बदलावी लागली, नाहीतर शाखेच्या तपासणीत ती सुटतेच. मुदत संपत आल्याची आठवण देणारा एसएमएस योग्य दिवशीच जात होता, मजकुरातली तारीख तेवढी चुकीची होती. तो साचाही सोबतच बदलला.

यादीत सगळ्यांत जुनी नोंद निघाली ती डिसेंबर २०२२ मधली, ज्या महिन्यात एकही ठेवीची तारीख चुकलेली नव्हती: २७ डिसेंबर २०२२ ला ठेवलेली पाच वर्षांची ठेव. तिची मुदत २७ डिसेंबर २०२७ ला संपते, पावतीवर छापलं होतं २७/१२/२०२८.